आखाजीपर्यंत थांबलेला पॅच

धुळ्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात भुईकाट्याची एक गुलाबी पावती आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बनखाली निघालेली ती दुसरी प्रत असल्यामुळे तिची अक्षरे मुळातच फिकी होती आणि आता तर उजेडाकडे तिरपी धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. तरी ग्रॉस वजनाचा ४२६० हा आकडा ओळखू येतो, आणि टेअर व नेट हे दोन रकाने कोरे आहेत हेही दिसते. कापसाने भरलेली ट्रॉली जिनिंगच्या फाटकातून आत आली की तिचे पहिले वजन होते, माल गंजीवर रिकामा करून ती परत निघाली की दुसरे होते, आणि दोहोंच्या वजाबाकीवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. या पावतीच्या मालकाचे पहिले वजन झाले, पावती निघाली, तेवढ्यात वीज गेली. आणि वीज आल्यावर तो रिकामी ट्रॉली घेऊन काट्यावर उभा राहिला तेव्हा आमच्या यंत्रात त्याच्या गाडीची नोंदच नव्हती. त्याचा कापूस तोवर गंजीत इतरांच्या कापसात मिसळून गेला होता, त्यामुळे पुन्हा वजन करण्याचा प्रश्नच उरला नव्हता. "माल खाली करी दिन्हा, आते मशीन म्हनस तू उनाच नही," असे तो म्हणाला, आणि त्या म्हणण्यात रागापेक्षा नवलच जास्त होते. पावती हातात होती म्हणून त्याचे पैसे बुडाले नाहीत.

ते यंत्र आमचे होते. आम्ही चारजण मिळून काट्यांसाठी छोटे संगणक जुळवतो, त्यांवर लिनक्स चढवतो आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या तीसेक जिनिंगांवर ते बसवून त्यांची देखभाल करतो. गोष्ट २०२३ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधीची आहे. त्या वेळी आमच्या यंत्रांवर लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ६.१ ही आवृत्ती होती; डिसेंबर २०२२ मध्ये आलेली आणि दीर्घ मुदतीच्या देखभालीसाठी निवडली गेलेली. डिस्कवर ईएक्सटी४ ही फाईलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली कुठे आणि कशा ठेवायच्या हे सांभाळणारा कर्नलचा भाग, होती. प्रत्येक यंत्रासोबत यूपीएस देतो, पण खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की काट्याच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरीचे काय होते ते ज्याने पाहिले आहे, तो यूपीएसवर भरवसा ठेवून काही लिहीत नाही. म्हणूनच आमच्यातल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने वजनाची नोंद लिहिण्याची पद्धत फार सावधपणे ठरवली होती. फाईल ओ-डायरेक्ट आणि ओ-सिंक या दोन खुणांनी उघडायची, म्हणजे मधल्या कॅशमध्ये काही रेंगाळणार नाही आणि नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय लिहिण्याची हाक परत येणार नाही. प्रत्येक नोंद ४०९६ बाइटांची, फाईलच्या शेवटाला जोडलेली. आणि ती हाक परत आल्यावरच प्रिंटरला आज्ञा. एवढे करूनही पावती कागदावर होती आणि डिस्कवर नव्हती. आम्ही दोन दिवस आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. ती तिथे नव्हती.

चूक कर्नलमध्ये होती, आणि गंमत अशी की ती नेमकी त्याच सुमारास दुरुस्त होत होती. ओ-सिंक आणि ओ-डायरेक्ट अशा दोन्ही खुणांनी लिहिताना फाईल लांबत असेल, तर नोंदीचा मजकूर डिस्कवर पोचत होता, पण फाईलची नवी लांबी इनोडमध्ये, म्हणजे फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत, लिहिली जाण्याचे काम सिंकची पायरी उरकल्यानंतर होत होते. त्या दोहोंच्या मधल्या क्षणी वीज गेली की मजकूर डिस्कवर आहे, पण फाईल आपल्या लेखी एक नोंद आधीच संपते, अशी अवस्था. वहीत शेवटची ओळ लिहिलेली आहे, पण मुखपृष्ठावर 'या वहीत इतकी पाने' असे जे लिहिले आहे त्यात ते पान मोजलेले नाही, म्हणून वाचणारा तिथवर जातच नाही. असे काहीसे ते होते. ही दुरुस्ती करणारा पॅच, म्हणजे कोडातल्या बदलांचा तुकडा, ईएक्सटी४ चे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाच्या हातचा होता आणि तो दिवाळीच्या सुमारास मुख्य झाडात, म्हणजे पुढे ६.७ झालेल्या आवृत्तीत, दाखल झाला. आमची यंत्रे ६.१ वर होती. तो आपल्या ६.१ वर आपणच उतरवून घ्यायचा, की स्टेबलच्या, म्हणजे जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखेच्या, वाटेने येईल तेव्हा येऊ द्यायचा, की सध्या घ्यायचाच नाही, हे ठरवायला माझ्याकडे साधारण एक आठवडा होता.

स्टेबल झाडाची रीत इथे थोडी सांगायला हवी. २००५ साली २.६.११ या आवृत्तीपासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि क्रिस राइट यांनी ही शाखा सुरू केली, तेव्हापासून तिचे नियम एका पानात मावतील इतके छोटे आहेत. पॅच आधी लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्या मुख्य झाडात, म्हणजे कर्नलच्या मूळ कोडात, गेलेला असला पाहिजे. तो उघडउघड बरोबर आणि तपासलेला असला पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा. आणि त्याने लोकांना खरोखर छळणारी चूक दुरुस्त केली पाहिजे, जसे यंत्र अडकणे, कोसळणे, विदा (डेटा) बिघडणे, सुरक्षेला भोक पडणे. यातला पहिला नियम मला सर्वांत शहाणा वाटत आला आहे. माझे आजोबा साक्री तालुक्यात पांझरेवरच्या एका फडात पाटकरी होते. बंधाऱ्यावर अडवलेले पाणी आधी मोठ्या पाटात आणि तिथून पाळीपाळीने फडात, हा क्रम मोडून कुणी मधूनच पाट फोडून आपल्या वावरात पाणी घेतले, तर त्याचे पीक भिजेलही, पण खालच्या शेतकऱ्यांचा हिशेब त्या दिवसापासून बिघडतो. मुख्य झाडात न गेलेली दुरुस्ती जुन्या झाडात घुसवली की पुढच्या आवृत्तीवर जाणाऱ्याला तीच चूक पुन्हा भेटते. आमचा पॅच मात्र मोठ्या पाटातूनच आलेला होता, तेव्हा त्या बाबतीत काही अडचण नव्हती.

बाकीच्या नियमांतही मोठी अडचण नव्हती. पॅच एकाच फाईलमध्ये होता, चूक खरी होती, इतकी खरी की तिची गुलाबी प्रत माझ्या खणात होती. मी ६.१ ची शाखा काढली, चेरी-पिकची, म्हणजे एक बदल उचलून दुसऱ्या शाखेवर लावण्याची, आज्ञा दिली आणि गिटने, म्हणजे कोडाच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, एकही तक्रार न करता तो पॅच जागच्या जागी बसवून दिला. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल की बॅकपोर्ट करताना, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या झाडावर उतरवताना, माणूस सर्वांत जास्त घाबरतो तो संघर्षाला, म्हणजे जुन्या झाडातल्या ओळी वेगळ्या असल्यामुळे गिट हात वर करते त्या घटकेला; आणि म्हणून पॅच निर्विघ्न बसला की मनात नकळत एक सुटकेचा सुस्कारा येतो. मलाही आला. कर्नल तयार झाले, त्यात साधी सूचनादेखील उमटली नाही.

मग चाचणी. आमच्याकडे रिलेने वीज तोडण्याची एक ओबडधोबड व्यवस्था आहे: एक यंत्र नोंदी लिहीत राहते, दुसरे कधीही त्याची वीज तोडते, पुन्हा जोडते आणि मग छापलेल्या पावत्या व फाईलमधल्या नोंदी ताडून पाहते. जुन्या कर्नलवर दहा-बारा तोडण्यांमागे एकदा तरी शेवटची नोंद हरवत होती. पॅच घातल्यावर रात्रभर दोनशे वेळा वीज तोडली आणि एकही नोंद हरवली नाही. सकाळी चहा घेताना मी सहकाऱ्यांना सांगितले की हे आज रात्रीच सगळ्या काट्यांवर पाठवू. त्या क्षणी माझ्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर आठवताना माणूस स्वतःला थोडा शहाणा करून घेतो.

पाठवले नाही त्याचे कारण तांत्रिक नव्हते. ज्या जिनिंगवर ती पावती निघाली होती तिथल्या शेठना, यंत्र पाच-दहा मिनिटे बंद ठेवावे लागेल, हे सांगायला मी फोन केला. दिवाळी तोंडावर, फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग, दर रोज बदलतो आहे, मजूर दोन पाळ्यांत. त्यांनी माझे पुरते ऐकूनही घेतले नाही. "सीझन चालू शे भाऊ, आते हात नको लावू. आखाजीले ये," म्हणाले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; खानदेशात तो वर्षाच्या उलाढालीचा सण, सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि जिनिंगची धुराडी तोवर थंड झालेली असतात. दिवाळीपासून आखाजी म्हणजे सहा महिने. मी मनात चरफडलो. पण एका शेठने जे म्हटले ते बाकीचेही म्हणणार हे उघड होते, आणि काट्यावर यंत्र बिघडले तर रांगेत उभ्या माणसाला कर्नल म्हणजे काय हे सांगत बसता येत नाही.

तेव्हा कर्नलला हात न लावता आम्ही आपल्या प्रोग्रॅममध्येच एक उपाय केला. रोज पहाटे यंत्राने दिवसभराची फाईल शून्ये भरून पूर्ण लांबीची लिहून ठेवायची आणि मग प्रत्येक नोंद तिच्या ठरलेल्या जागी लिहायची. फाईल दिवसभरात लांबतच नाही, म्हणून लांबी पक्की होण्याचा प्रश्न उरत नाही. वाण्याच्या दुकानात वहीची पाने आधी शिवून, आकडे घालून ठेवतात तसे. प्रोग्रॅम बदलायला यंत्र बंद करावे लागत नव्हते, त्यामुळे शेठनाही काही सांगावे लागले नाही. पॅच घातलेली शाखा माझ्या डिस्कवर तशीच पडून राहिली, आणि मी तिच्याकडे थोड्या अपराधी भावनेने पाहत असे, कारण मूळ दुखणे सोडून वरवर मलम लावल्यासारखे मला वाटत होते.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस हाच पॅच स्टेबलच्या वाटेने ६.१.६४ मध्ये आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच पॅच विदा बिघडवतो आहे अशी बातमी आली. लिनक्सचे एक वितरण तयार करणारा डेबियन प्रकल्प ९ डिसेंबरला १२.३ ही आवृत्ती काढणार होता आणि तिच्यात ६.१.६४ वर आधारलेले कर्नल होते. ती जागीच थांबवली गेली आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ घेऊन एकदम १२.४ आली. मधला आकडा असा वगळला गेलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मी जेवण अर्धवट टाकून उठलो आणि माझी शाखा उघडली.

काय झाले होते ते समजून घ्यायला मला ती रात्र आणि पुढचा अर्धा दिवस लागला, आणि ते इतके साधे आहे की त्याचीच भीती वाटते. फाईलमध्ये लिहिताना आपण कुठवर आलो हे दाखवणारा एक काटा कर्नल सांभाळते. प्रत्येक लिखाणानंतर तो तितका पुढे सरकतो. ओ-डायरेक्ट लिखाणात हा काटा सरकवण्याचे काम ईएक्सटी४ करत नाही, आयओमॅप नावाचा सामायिक थर करतो. ६.१ मध्ये ती ओळ एका अटीच्या आत होती: फाईलसिस्टीमने आपले काम संपवून शून्य परत दिले तरच काटा सरकवायचा. ६.५ मध्ये कुणीतरी साफसफाई करताना ती ओळ अटीच्या बाहेर, थोडी खाली नेली. त्या बदलाचे शीर्षकही काटा 'थोडा नंतर' सरकवण्याबद्दलचे होते. तो पुढच्या एका रचनेची तयारी म्हणून केलेला होता, त्याने कुठलीही चूक दुरुस्त केली नव्हती, आणि म्हणून तो स्टेबलकडे पाठवण्याचे कुणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. आता नवा पॅच फाईलची लांबी त्याच टप्प्यावर पक्की करत असे आणि शून्याऐवजी लिहिलेल्या बाइटांची संख्या परत देत असे. ६.५ च्या पुढच्या झाडांत त्याने काही बिघडत नव्हते, कारण काटा अटीच्या बाहेर सरकत होता. ६.१ मध्ये मात्र ती अट कधी पुरीच होईना, आणि काटा जागचा हलेना. पहिले लिखाण जिथे झाले तिथेच दुसरे, त्यावरच तिसरे.

मी पुन्हा त्या वाक्यापाशी येतो: गिटने एकही तक्रार केली नाही. कशी करणार? पॅच ईएक्सटी४ च्या फाईलमध्ये होता आणि ज्याच्यावर तो टेकला होता ती ओळ दुसऱ्याच निर्देशिकेतल्या आयओमॅपच्या फाईलमध्ये होती. ओळी जुळतात का हे गिट पाहते. ज्या फंक्शनला आपण एक आकडा परत देतो आहोत ते जुन्या झाडात त्या आकड्याचा काय अर्थ लावते, हे पाहण्याचे काम त्याचे नाही. संघर्ष आला असता तर बरे झाले असते, कारण मग मी थांबून वाचले असते.

मग माझ्या दोनशे चाचण्यांचे काय? त्यांत काहीच का दिसले नाही? कारण माझा प्रोग्रॅम तेव्हा फाईलच्या शेवटाला जोडण्याच्या, ओ-अपेंडच्या खुणेने लिहीत होता, आणि त्या खुणेने लिहिताना कर्नल त्या काट्याकडे पाहतच नाही; दर वेळी फाईलचा शेवट शोधून तिथे लिहिते. माझ्या चाचणीने मला ठाऊक असलेला एकच प्रश्न विचारला आणि त्याचे खरे उत्तर दिले. पण त्याच यंत्रांवर रात्री एक वाजता दिवसभराची फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्यासाठी डीडीची एक आज्ञा चालते, आणि ती थेट लिखाणाच्या खुणेसह, ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी, सरळ एकामागून एक लिहिते. त्या रात्री मी माझ्या शाखेतले कर्नल टेबलावरच्या यंत्रावर चढवले आणि तीनशे नोंदींच्या फाईलवर ती आज्ञा चालवून पाहिली. डीडीने नेहमीसारखे सांगितले: तीनशे रेकॉर्ड आत, तीनशे रेकॉर्ड बाहेर. बाहेरच्या फाईलची लांबी ४०९६ बाइट होती. तिच्यात एकच नोंद होती, शेवटच्या गाडीची. बाकीच्या २९९ गाड्या एकमेकींवर लिहिल्या जाऊन पुसल्या गेल्या होत्या, आणि कुणीही चूक झाली असे म्हटले नव्हते. पडद्यावरच्या त्या दोन ओळी आणि लांबीचा तो आकडा यांच्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

मी ते कर्नल दिवाळीआधी तीस जिनिंगांवर पाठवले असते तर महिनाभराच्या रात्रींचे बॅकअप असे झाले असते, आणि ते आम्हाला कळले असते ते एखाद्या यंत्राची मूळ डिस्क मेल्यावर. मला वाचवले ते माझ्या विवेकाने नव्हे, शेठच्या रांगेने. या गोष्टीचा मला अजून नीट हिशेब लावता आलेला नाही.

फाईलसिस्टीमच्या पॅचकडे इतर पॅचांपेक्षा वेगळ्या नजरेने का पाहायचे, हे मला पुस्तकी पद्धतीने आधीही ठाऊक होते. ड्रायव्हरमधला पॅच बिघडला तर वाय-फाय बंद पडते, पडदा काळा होतो. जुने कर्नल परत लावले की गोष्ट तिथे संपते. फाईलसिस्टीमने डिस्कवर जे चुकीचे लिहिले ते जुने कर्नल परत लावल्यावरही डिस्कवरच राहते, आणि मागे जाण्याची वाट असली तरी त्या वाटेवर आपला विदा आपल्यासोबत येत नाही. म्हणूनच एक्सएफएस या दुसऱ्या एका फाईलसिस्टीमची मंडळी यंत्रशिक्षणाच्या आधारे आपोआप निवडलेले पॅच आपल्या भागात येऊ देत नाहीत. प्रत्येक दीर्घ मुदतीच्या कर्नलसाठी कुणीतरी स्वयंसेवक पुढे होतो, पॅचांची मालिका निवडतो, त्या झाडावर एफएसटेस्ट्स या चाचणीसंचाच्या फेऱ्या चालवतो आणि मगच ती स्टेबलकडे जाते. पूर्वी मला हे थोडे मानभावी वाटे. इतकी हळू वाट कशाला, असे मी एकदा बोलूनही दाखवले होते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. स्टेबलमध्ये आठवड्याला शेकड्यांनी पॅच येतात, त्यांची उमेदवार आवृत्ती तपासायला साधारण ४८ तास मिळतात, आणि तरीही हे प्रकरण इतके लक्षात राहते याचे कारण असे प्रसंग विरळ आहेत. हा बिघाड ६.१.६४ मध्ये आला आणि ६.१.६६ मध्ये गेला, म्हणजे आठवडा-दीड आठवड्यात. आयओमॅपमधला तो राहिलेला बदल जोडून दिला आणि पॅच जिथे होता तिथेच बरोबर ठरला. त्यासाठी त्याची एक ओळही बदलावी लागली नाही. याउलट पॅच न घेणारी यंत्रे वर्षानुवर्षे उघड्या भोकांसह चालतात आणि त्यांच्यावर काही आले तर त्याची बातमी होत नाही, कारण कुणी काही केलेले नसते. माझ्या खणातली पावती हे न घेतलेल्या पॅचचेच फळ आहे. ती चूक त्या आधीच्या कितीतरी कर्नलांत होती, आणि अशा किती पावत्या खानदेशात निघाल्या असतील ज्यांचे मालक कागद हरवून बसले.

दोष कुठे दिसतो आणि कुठे असतो याचे आणखी एक उदाहरण या क्षेत्रातल्या लोकांना आठवत असेल. २०१८ च्या अखेरीस ४.१९ या कर्नलवर ईएक्सटी४ च्या फाईली बिघडू लागल्या आणि सगळ्यांनी ईएक्सटी४ लाच धरले. कित्येक दिवसांच्या शोधानंतर दोष खालच्या ब्लॉक थरात, विनंत्यांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरविना चालणाऱ्या डिस्कांच्या रांगेत सापडला आणि ४.१९.८ मध्ये दुरुस्त झाला. तिथे दोष खाली होता आणि वर दिसत होता; आमच्या वेळी पॅच वर होता आणि त्याचा आधार शेजारच्या घरात होता.

आता एखादा पॅच जुन्या झाडावर घ्यायचा की नाही हे ठरवताना मी पॅच सर्वांत शेवटी वाचतो. तो ज्या फंक्शनांना हाक मारतो आणि जी फंक्शने त्याला हाक मारतात, ती आधी दोन्ही झाडांत शेजारीशेजारी उघडतो, आणि परत मिळणारा प्रत्येक आकडा तिकडे कसा वाचला जातो हे पाहतो. मधल्या आवृत्त्यांत त्या फाईलींवर झालेली साफसफाई, जिच्याकडे पूर्वी मी ढुंकूनही पाहत नसे, ती आता मी सर्वांत बारकाईने वाचतो. चुकांच्या दुरुस्त्या आपले नाव सांगतात, साफसफाई सांगत नाही. मूळ पॅच दुरुस्त करणारा नंतरचा पॅच आला आहे का हे इतिहासात शोधतो. आणि चाचणी म्हणाल तर माझा रिले अजून आहेच, पण त्याच्या आधी एफएसटेस्ट्स आणि एलटीपी (लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट) चालतात, कारण ते मला न सुचलेले प्रश्न विचारतात. एलटीपीमध्ये एक अगदी छोटी चाचणी आहे, थेट लिखाणाने आधी एका अक्षराचा तुकडा लिहायचा, मग दुसऱ्याचा, आणि पहिल्या जागी पहिलेच अक्षर आहे ना ते वाचून पाहायचे. मला ती पूर्वी बालिश वाटली असती. माझ्या शाखेवर तिने पहिल्याच फेरीत पहिल्या जागी दुसरे अक्षर दाखवले.

एवढे करूनही पुष्कळदा उत्तर 'नको' असे येते, आणि 'नको' म्हणणे मला अजून जमत नाही. पॅच घेतला की शाखेत कमिट, म्हणजे बदलाची नोंद, उरते, त्यावर नाव असते, तारीख असते, उद्या कुणी विचारले तर दाखवता येते. न घेतलेल्या पॅचचे काहीच उरत नाही. म्हणून मी एक साधी शंभर पानी वही केली आहे, तिच्यात न घेतलेल्या पॅचांची नोंद ठेवतो: कुठला, कुठल्या झाडासाठी, का नाही, आणि तोवर त्या चुकीचे काय करायचे.

२०२४ च्या आखाजीला मी त्याच जिनिंगवर गेलो. आवार मोकळे होते, गंजीच्या जागी फक्त सरकीचा चुरा आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेला कापूस, फाटकाजवळच्या निंबाला कुणाच्या तरी लेकीबाळींचा झोका बांधलेला. यंत्रावर दोन्ही बदल असलेले ६.१ चे ताजे कर्नल चढवले. शेठ स्वतः आले आणि मी सांगेन तेव्हा मेन स्विच पाडायला उभे राहिले. हे काम त्यांना इतके आवडले की मी पुरे म्हटल्यावरही त्यांनी आणखी पाच-सहा वेळा पाडला. शेवटची नोंद दर वेळी होती. मग डीडीची आज्ञा चालवली आणि बाहेरच्या फाईलची लांबी आधी मी पाहिली, मग त्यांना दाखवली. त्यांनी विचारले, "हाई तू दिवाळीलेच करी टाकतास तं?" मी म्हटले, "शेठ, बरं झालं तुम्ही नाही म्हणाला ते." त्यांना ते कळले नाही, आणि मीही अधिक काही सांगितले नाही; घरी पुरणपोळी वाट पाहत होती, त्यांच्याही आणि माझ्याही.

त्या रात्री मी वहीतली पहिली नोंद काढली. ती डिसेंबरातच, घटना कळल्यानंतर, मागची तारीख टाकून लिहिलेली होती, आणि 'का नाही' या रकान्यात मी 'जुन्या झाडात धोका संभवतो' असे लिहिले होते. ते खोडून तिथे 'सीझन' एवढेच लिहिले.